डीआरओ मिळाली तरी घरावरची टांगती तलवार जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लंडमध्ये राहणारे माझ्यासारखे बरेच जण तुमचा पेपर रोज मोबाइलवर वाचतात आणि ज्यांची मुलं इकडे आहेत ते आईवडील तर वाचतातच, म्हणून हे पत्र तुम्हालाच पाठवतेय. विषय आहे डेट रिलीफ ऑर्डर, इथे सगळे नुसतं डीआरओ म्हणतात. कर्जात बुडालेल्या, हातात फारसं काही नसलेल्या माणसासाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये ही कायदेशीर सोय आहे आणि ती खरंच चांगली आहे, ती नाकारायला मी हे लिहीत नाहीये. पण आपल्या लोकांमध्ये एक समज घट्ट बसलाय की एकदा डीआरओ मिळाली की क्रेडिट कार्ड सुटलं, पर्सनल लोन सुटलं, थकलेलं भाडं पण सुटलं आणि आता घरमालक आपल्याला हातही लावू शकत नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टी बऱ्याचशा खऱ्या आहेत. शेवटची साफ चुकीची आहे, आणि तेवढ्या एका गैरसमजापायी माणसं घराबाहेर पडतात हे मी जवळून पाहिलंय.

मी कुणी सल्लागार किंवा वकील नाही. ज्यांना इंग्रजी पत्रं वाचायला जड जातं त्यांना ती वाचून दाखवणं, फॉर्म भरायला शेजारी बसणं, फोनवर तासन्‌तास होल्डवर थांबणं एवढंच मी करते. पण ते करताना हे कागद इतक्यांदा डोळ्याखालून गेलेत की आता गप्प राहवत नाही.

आधी ही डीआरओ आहे काय ते सांगते. २००९ च्या एप्रिलपासून ती सुरू झाली, कारण दिवाळखोरी जाहीर करायची तर तिची फीच गरिबाला परवडत नव्हती. म्हणजे कर्ज फेडायला पैसे नाहीत आणि कर्जातून सुटायचा अर्ज करायलाही पैसे नाहीत अशी गत होती. डीआरओमध्ये कोर्टात उभं राहावं लागत नाही. मान्यताप्राप्त कर्जसल्लागार तुमचा अर्ज ऑनलाइन भरतो आणि इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस म्हणजे दिवाळखोरीचं काम बघणारं सरकारी खातं, तिथला ऑफिशियल रिसीव्हर नावाचा अधिकारी तो मंजूर किंवा नामंजूर करतो. पूर्वी याला ९० पाउंड फी होती, ती ६ एप्रिल २०२४ पासून पूर्ण रद्द झाली. सुरुवातीला एकूण कर्ज १५ हजार पाउंडांच्या आत असेल तरच अर्ज करता यायचा, मग ती मर्यादा २० हजार झाली, २०२१ मध्ये ३० हजार झाली आणि २८ जून २०२४ पासून ५० हजार पाउंड आहे. घरखर्च भागून महिन्याला ७५ पाउंडांपेक्षा जास्त शिल्लक राहता कामा नये, आणि मालमत्ता २ हजार पाउंडांच्या वर नको. एक गाडी ४ हजारांपर्यंतची असेल तर ती यात धरत नाहीत, घरातलं रोजच्या वापराचं सामान आणि कामाची अवजारं पण धरत नाहीत. स्वतःच्या मालकीचं घर असेल तर जवळजवळ नाहीच.

आता मालमत्ता म्हटल्यावर आपल्या लोकांनी इथे नीट थांबायला हवं. ती फक्त इंग्लंडमधली मोजत नाहीत, जगात कुठेही असेल ती मोजतात. वडिलांच्या आणि तुमच्या नावावर असलेला भारतातला फ्लॅट, गावाकडच्या जमिनीतला हिस्सा, आईने ठेवलेली पण तुमच्या नावाची एफडी, लॉकरमधले दागिने, हे सगळं सांगावं लागतं. "इकडच्यांना कुठे कळतंय" असं म्हणून लपवलं आणि नंतर उघड झालं तर आदेश रद्द होऊ शकतो, वर कारवाई होऊ शकते ती वेगळीच. हे कुणी सांगत नाही कारण सांगणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं.

ऑर्डर मंजूर झाली की तुम्ही अर्जात दिलेल्या यादीतल्या कर्जांवर बारा महिन्यांची स्थगिती लागते. या काळात यादीतला कुठलाही सावकार, म्हणजे ज्याचं देणं आहे तो, त्या कर्जासाठी तुमच्यावर दावा लावू शकत नाही, बेलिफ पाठवू शकत नाही, पगारातून कापून घेऊ शकत नाही. तुम्ही त्यांना हप्ते भरायचे नसतात. बारा महिने संपले आणि तुमची परिस्थिती तशीच असली तर ती कर्जं व्याजासकट, दंडासकट कायमची संपतात. मधल्या काळात पगार वाढला, वारसाहक्काने काही मिळालं, बक्षीस लागलं तर ते ऑफिशियल रिसीव्हरला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. वर्षभर ५०० पाउंड किंवा त्याहून जास्त उधारी घ्यायची असेल तर देणाऱ्याला डीआरओबद्दल सांगावंच लागतं, न सांगता घेतली तर तो गुन्हा आहे. क्रेडिट फाइलवर सहा वर्षं नोंद राहते आणि पुढची सहा वर्षं दुसरी डीआरओ मिळत नाही. म्हणजे ही संधी एकदाच वापरायची गोष्ट आहे, ती कधी वापरायची याचा विचार आधी व्हायला हवा.

हप्त्यांचं म्हणाल तर पहिली अडचण अगदी साधी असते. ऑर्डर मिळाली म्हणून बँकेतले डायरेक्ट डेबिट आपोआप थांबत नाहीत! सावकाराला कळवायचं काम इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस करते, पण तुमच्या खात्यातून १ तारखेला जाणारी रक्कम तुम्ही स्वतः बँकेला सांगून बंद केली नाहीत तर ती जातेच, आणि पेडे लोनवाल्यांनी, म्हणजे पुढच्या पगारापर्यंतचं छोटं महागडं कर्ज देणाऱ्यांनी, डेबिट कार्डाचा नंबर घेऊन ठेवलेला असतो त्याने तर ते हवे तेव्हा पैसे ओढतात, ती परवानगी पण बँकेला सांगून काढून घ्यावी लागते. आणि ज्या बँकेचा ओव्हरड्राफ्ट यादीत आहे त्याच बँकेत पगार येत असेल तर अर्जाच्या आधीच दुसऱ्या बँकेत साधं खातं उघडून पगार तिकडे वळवायचा, नाहीतर पगार आला आणि ओव्हरड्राफ्टने गिळला असं होतं. मग त्या महिन्याचं भाडं कुठून भरणार?

काही कर्जं डीआरओमध्ये येतच नाहीत. कोर्टाचा दंड, मुलांच्या पोटगीची रक्कम, इथलं सरकारी स्टुडंट लोन, फसवणुकीतून झालेलं देणं, ही सगळी भरत राहावीच लागतात. तारण दिलेलं कर्ज असेल तर सावकाराचा तारणावरचा हक्क शाबूत राहतो. हप्त्यावर घेतलेल्या गाडीचं पण तसंच, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीचीच असते, त्यामुळे हप्ता बंद केला तर कंपनी गाडी घेऊन जाऊ शकते. डिलिव्हरीचं किंवा टॅक्सीचं काम करणाऱ्याची गाडी गेली तर कमाईच गेली, म्हणून हे अर्जाच्या आधी सल्लागाराशी स्पष्ट बोलून घ्यायचं. पूर्वी जादा दिला गेलेला सरकारी भत्ता परत घ्यायला आताच्या भत्त्यातून कपात चालू असेल तर ती मात्र थांबते, कारण डिसेंबर २०११ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्थगितीच्या काळात सरकारलाही अशी कपात करता येणार नाही. त्यानंतर सरकारने लगेच नियम बदलून सोशल फंडाची कर्जं, म्हणजे गरजूंना सरकारकडून मिळणारी छोटी कर्जं, डीआरओच्या बाहेर काढली, तो भाग वेगळा.

आणि आता भाडं. मला मुख्य बोलायचंय ते यावरच.

अर्जाच्या तारखेपर्यंत थकलेलं भाडं हे डीआरओमध्ये येणारं कर्ज आहे. यादीत लिहिलं की घरमालक त्या पैशांसाठी दावा लावू शकत नाही, वर्षाने ते माफ होतं. इथपर्यंत लोकांना बरोबर माहीत आहे. पण घरमालकाकडे दोन वेगवेगळे हक्क असतात. एक पैसे मागायचा आणि दुसरा घर परत मागायचा. डीआरओने पहिला थांबतो, दुसरा थांबत नाही. २०११ मध्ये इथल्या कोर्ट ऑफ अपीलसमोर दोन भाडेकरूंची प्रकरणं एकत्र आली, एकीची दिवाळखोरी जाहीर झालेली आणि दुसऱ्या प्रकरणात डीआरओ. प्रश्न हाच होता की भाडं थकल्याच्या कारणावरून घरमालक ताबा मागू शकतो का? कोर्टाने सांगितलं की मागू शकतो, कारण ताबा मिळवणं म्हणजे कर्जवसुली नव्हे, करार मोडला म्हणून आपली जागा परत घेणं आहे. म्हणजे तीच थकबाकी पैसे म्हणून गोठलेली असते आणि घर खाली करायचं कारण म्हणून जिवंत असते. कायद्याच्या भाषेत ते सुसंगत असेलही, पण ज्याच्या हातात ऑर्डरचं पत्र आहे त्या माणसाला हे कसं उमगणार?

मी ज्या कुटुंबासाठी धावपळ केली त्यांचं सांगते, नाव गाव नको. नवरा डिलिव्हरीचं काम करायचा, पाठीच्या दुखण्याने कामाचे तास कमी झाले, बायको अर्धवेळ नोकरीत, लहान मुलगी शाळेत. दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं महिना ११५० पाउंड, खाजगी घरमालक, करार दोघांच्या नावावर. तीन महिन्यांचं भाडं थकलं, ३४५० पाउंड, आणि तीन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, काउन्सिल टॅक्स म्हणजे इथल्या पालिकेचा घरावरचा कर, फोनचं बिल असं सगळं मिळून कर्ज बरंच वर गेलं होतं. नवऱ्याच्या नावाने डीआरओ मंजूर झाली. पत्रासोबत सावकारांची यादी होती, त्यात कार्डांच्या खाली एका ओळीत घराच्या एजंटचं नाव आणि समोर ३४५०. त्या ओळीवर बोट ठेवून तो माणूस मला म्हणाला, "ताई, हे बघा, भाडं पण यात आलंय, आता वर्षभर भाड्याचं टेन्शन नाही." आणि त्याने त्या महिन्याचं भाडं पण भरलं नव्हतं. पुढच्या महिन्याचंही नाही. त्याला वाटलं भाडं यादीत आहे म्हणजे भाडंच स्थगित आहे.

यात त्याचा दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही. पत्रात लिहिलं होतं की यादीतल्या सावकारांना पैसे देऊ नका. एजंट यादीत होता. त्याने तेच केलं. पण अर्जाच्या तारखेनंतर जे भाडं देय होतं ते डीआरओमध्ये येत नाही, ते नवं देणं, आणि ऑर्डर निघाल्यावर यादीत नवीन काही घालताही येत नाही. त्या दोन महिन्यांचे २३०० पाउंड पूर्ण त्याच्या डोक्यावर, कसलंही संरक्षण नसलेले.

मग घरमालकाची दोन पत्रं आली. एक नोटीस, घर खाली करायची, भाडं थकल्याच्या कारणावरून. दुसरं पत्र बायकोच्या नावाने, त्यात तिच्याकडे सगळे ३४५० मागितले होते, वर नवीन दोन महिन्यांचेही. ती मला विचारत होती की हे तर माफ झालेलं ना? तर नाही. दोघांच्या नावावर करार असला की दोघंही पूर्ण भाड्याला जबाबदार असतात, अर्ध्या अर्ध्याला नाही. नवऱ्याला डीआरओ मिळाली म्हणजे फक्त नवरा सुटला, सगळी रक्कम बायकोकडून मागायचा हक्क घरमालकाला तसाच राहिला. जोडप्याची मिळून एक डीआरओ नसते, प्रत्येकाला आपापला अर्ज करावा लागतो. हे त्यांना अर्जाच्या वेळी समजलं असतं तर दोघांनी बरोबर अर्ज केला असता.

कोर्टात पुढे काय झालं तर त्या वेळच्या नियमाने खाजगी भाडेकरूचं दोन महिन्यांचं भाडं नोटिशीच्या दिवशी आणि सुनावणीच्या दिवशी थकलेलं असलं तर न्यायाधीशाला ताबा द्यावाच लागायचा, ऐकून घ्यायला जागाच नव्हती. न्यायाधीश बाई शांतपणे बोलल्या, मुलीच्या शाळेबद्दल विचारलं, पण कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते आणि निकाल तोच लागला. पैशांचा आदेश नवऱ्याविरुद्ध त्या ३४५० साठी निघू शकला नाही, घर मात्र गेलं. ते आता एका ओळखीच्यांच्या घरी एका खोलीत राहतात.

इंग्लंडमध्ये रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ मुळे १ मे २०२६ पासून हा सक्तीचा आकडा दोन महिन्यांवरून तीन महिन्यांवर जातो, नोटिशीची मुदत दोन आठवड्यांवरून चार आठवड्यांवर जाते आणि काही कारण न देता घर खाली करायला सांगणारी सेक्शन २१ ची नोटीसच बंद होते. हे चांगलं आहे, मनापासून स्वागत आहे. वेल्सचा भाडेकायदा वेगळा आहे, तिथल्यांनी तिथला नियम बघावा. पण डीआरओ आणि ताबा यातली ती फट या नव्या कायद्यानेही बुजलेली नाही.

ही फट कुठे टोचते ते सांगते. एरवी काउन्सिल (इथली पालिका) किंवा हाउसिंग असोसिएशन (परवडणारी घरं देणारी संस्था) यांच्या घराचं भाडं थकलं की कोर्ट बहुतेक वेळा मधला रस्ता काढतं, ताब्याचा आदेश देतं पण तो तहकूब ठेवतं, अट अशी की चालू भाडं भरा आणि थकबाकीचे दर आठवड्याला थोडे थोडे पाउंड फेडा. या रस्त्याने असंख्य लोकांची घरं टिकतात. डीआरओ असली की थकबाकी फेडण्याची अट कोर्टाला घालताच येत नाही, कारण ते पैसे गोठलेले. म्हणजे जो माणूस म्हणतोय की मी आठवड्याला दहा पाउंड देतो पण घर राहू द्या, त्याच्यासाठी जो दरवाजा सर्वात जास्त उपयोगी होता तोच अवघड झाला. मग हातात काय उरतं तर चालू भाडं एकही दिवस न चुकवता भरून दाखवणं, आणि घरमालकाशी बोलणं. घरमालक स्वतःहून वसुली करू शकत नाही पण भाडेकरूने राजीखुशीने थकबाकीतलं थोडं थोडं द्यायला कायद्याची आडकाठी नाही, आणि घर टिकवायचं असेल तर पुष्कळदा तेच करावं लागतं. फक्त ते स्वतःच्या मनाने न करता सल्लागाराला विचारून, आणि जे ठरेल ते लेखी.

जामीनदाराचं पण असंच आहे. इकडे नवीन आलेल्या मुलांना क्रेडिट हिस्टरी नसते म्हणून घरमालक गॅरंटर मागतात, मग कुणीतरी मामा, काका, वडिलांचा मित्र सही करतो. मुलाने डीआरओ घेतली की मुलगा सुटतो आणि सगळी मागणी त्या सही करणाऱ्याच्या दारात जाते. कर्जाचंही तेच, दोघांच्या नावावरचं लोन असेल तर दुसरा पूर्ण रकमेला जबाबदार. आणि भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज, ज्यावर वडील सह-कर्जदार आहेत, त्याबद्दल तर मला इकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि तिकडच्या प्रत्येक आईवडिलांना सांगायचंय की इथल्या आदेशाने वडिलांची जबाबदारी एक रुपयाने कमी होत नाही, बँक तिकडे त्यांच्याकडे वसुलीला येणारच. पोरांनी हे घरी आधी सांगावं. लाज वाटते हे मला समजतं, पण वडिलांना बँकेच्या माणसाकडून कळण्यापेक्षा पोराकडून कळलेलं बरं.

व्हिसावर असलेल्यांचा एक प्रश्न नेहमी येतो. डीआरओ हा सरकारी भत्ता नाही, त्यामुळे पब्लिक फंड्सच्या, म्हणजे बऱ्याच व्हिसांवर जी सरकारी मदत घ्यायला बंदी असते तिच्या, यादीत तो येत नाही, आणि इथे राहत असाल तर नागरिक नसतानाही अर्ज करता येतो. घरभाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत मात्र ज्यांच्या व्हिसावर ती बंदी आहे त्यांना घेता येत नाही, म्हणून अशा कुटुंबांनी तर चालू भाडं सगळ्यात आधी बाजूला काढायला हवं. क्रेडिट कार्डवाल्याचे फोन जास्त येतात, आवाज चढवून येतात, म्हणून लोक आधी त्याला पैसे देतात आणि घरमालक सभ्यपणे ईमेल करतो म्हणून त्याला थांबवतात. हे उलटं आहे हो! कार्डाची कंपनी थकलेल्या बिलासाठी तुम्हाला घराबाहेर काढायला लगेच येत नाही, घरमालक येऊ शकतो. जिथून छप्पर मिळतंय तिथले पैसे आधी, हे मी समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगते आणि तरीही पुढच्या महिन्यात कार्डाचा हप्ता गेलेला असतो आणि भाडं राहिलेलं असतं. त्या फोनांची भीतीच तशी बसवलेली असते.

ज्यांना श्वास घ्यायला वेळ हवाय त्यांच्यासाठी ब्रीदिंग स्पेस नावाची योजना ४ मे २०२१ पासून आहे, कर्जसल्लागारामार्फत अर्ज केला की ६० दिवस व्याज, दंड आणि वसुली थांबते. या साठ दिवसांत बसून विचार करायचा की भाड्याचं काय, करार कुणाच्या नावावर आहे, दोघांनी अर्ज करायचा का एकाने, गॅरंटर कोण आहे, घर टिकवायचंय का स्वस्त घरात जायचंय. चालू भाडं मात्र या साठ दिवसांतही भरायचं असतं, न भरल्यास संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. आणि ताब्याची नोटीस आलीच तर घाबरून चावी देऊन निघून जायचं नाही. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नसतो. सुनावणीला हजर राहायचं, बऱ्याच काउंटी कोर्टांत त्या दिवशी मोफत वकील भेटतो, आणि घर जायची वेळ आली असेल तर काउन्सिलच्या हाउसिंग विभागाला आधीच कळवायचं, २०१७ च्या कायद्याने ५६ दिवसांच्या आत बेघर व्हायची शक्यता असलेल्या पात्र लोकांना मदत करणं इंग्लंडमधल्या काउन्सिलवर बंधनकारक आहे. चावी स्वतःहून दिली तर ती मदत मिळायला फार त्रास होतो.

मला खरं तर इथल्या सरकारकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, डीआरओच्या पत्रात, सावकारांच्या यादीच्या पानावरच, घरमालकाच्या नावासमोर साध्या शब्दांत छापा की हे जुनं भाडं आहे, यापुढचं भाडं भरायचंच आहे, आणि घरमालक अजूनही ताबा मागू शकतो. दोन ओळी. सल्लागार तोंडी सांगतात, पण ज्या माणसाने सहा महिने झोप घेतलेली नाही त्याच्या लक्षात फोनवरचं बोलणं राहत नाही, हातातला कागद राहतो. दुसरी गोष्ट, डीआरओ चालू असताना जो भाडेकरू नवीन भाडं वेळेवर भरतोय त्याचा ताबा केवळ यादीतल्या जुन्या थकबाकीवरून काढून घेता येऊ नये असा अधिकार कोर्टाला द्या. घरमालकाचं नुकसान होतं हे मला मान्य आहे, त्यांच्यावरही हप्ते असतात, एकच फ्लॅट भाड्याने देऊन म्हातारपण काढणारे आहेत. पण आज होतं काय तर घरमालकाला जुने पैसे मिळत नाहीतच, वर कोर्टाचा खर्च, रिकामं घर, आणि त्या कुटुंबाला ठेवायचा खर्च शेवटी काउन्सिलवर. मग कर्ज माफ करून माणसाला उभं करायचं म्हणून जो कायदा केला त्याचा अर्धा उपयोग वायाच जातो.

आपल्या भारतात दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये गरिबांसाठी अशीच एक "नवी सुरुवात" कलमांत लिहिलेली आहे, ३५ हजार रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी, पण सामान्य माणसासाठी ती अजून लागूच केलेली नाही. जेव्हा कधी ती लागू होईल तेव्हा भाड्याच्या घरात राहणाऱ्याचं काय, हा प्रश्न आधीच विचारून ठेवायला हवा असं मला वाटतं.

संपादक साहेब, इकडच्या मराठी वाचकांसाठी एवढं तरी जागा देऊन छापा, आणि ज्यांच्याकडे सध्या डीआरओचा अर्ज भरायचं चाललंय त्यांनी सल्लागाराला पुढच्या भेटीत हे तीन प्रश्न विचारा: माझ्या करारावर आणखी कुणाची सही आहे आणि त्यांचं काय होणार, अर्जाच्या दिवशी नेमकं किती भाडं थकलेलं दाखवणार, आणि पुढच्या पहिल्या तारखेचं भाडं मी कुठल्या खात्यातून भरणार. सल्ला मोफत मिळतो, फी मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका.

आपली,
इंग्लंडमधली एक वाचक